सगळा गाव संशयित

माझ्या थोरल्या भावाला खोकला आहे, हे त्या वर्षी आमच्या गावात, जसोंडीत, त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो खोकत नव्हता, घसा साफ करत होता. हे साफसफाईचं काम दिवाळीत सुरू झालं आणि संक्रांत उलटली तरी आटोपलं नव्हतं. कारणं मात्र तो उदारपणे पुरवायचा. आधी केळीवरच्या फवारणीचं औषध होतं, मग कापूस वेचणीची धूळ, मग वहिनीची मिरचीची फोडणी. ही तिन्ही जुनी झाल्यावर त्याने शाळेमागे उभा राहिलेला मोबाइलचा टॉवर धरला. टॉवरला उलट बोलता येत नसल्यामुळे तो आरोप बरेच दिवस टिकला.

मी बऱ्हाणपुरात राहतो. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून एखादी फेरी दादाकडे मारतो. जेवायला वहिनीच्या हातचं मिळतं आणि येताना केळीची फणी मिळते. त्या हिवाळ्यात दर फेरीला दादा जरा कमी दिसायचा. सदरा खुंटीला टांगावा तसा खांद्यांना टांगलेला असायचा. संध्याकाळी अंगात कणकण असायची, ती तो अंगावर शाल घेऊन लपवायचा आणि थंडीला दोष द्यायचा. मी एकदा म्हणालो, शहरात चल, छातीचा एक्स-रे काढून घेऊ. त्यावर तो म्हणाला, ‘‘तुले पुस्तकं वाचून रोग दिसतात. मले केळी दिसतात. आपापलं पाहावं माणसानं.’’

त्याच्या न जाण्यामागे टॉवर नव्हता, आमची आत्या होती. आम्ही लहान असताना तिला क्षय झाला. तेव्हा तिला शेतावरच्या खोलीत ठेवलं होतं. तिची ताटली वेगळी, लोटा वेगळा, आणि ती ताटली बाहेरून सरकवायचं काम दादाकडे होतं. मी फार लहान होतो, मला फक्त तिचा खोकण्याचा आवाज आठवतो. दादाला तिचा चेहरा आठवत असणार. आत्या गेल्यावर तिची भांडी तापीत सोडली, पितळेची असूनही. आमच्या घरात पितळ टाकून देण्याचा तेवढा एकच प्रसंग. आता औषधं आहेत, रोग बरा होतो, सरकार गोळ्या फुकट देतं, हे सगळं दादाला तोंडपाठ होतं. पण तोंडपाठ असणं वेगळं आणि ताटली आठवणं वेगळं.

एवढ्यावर हे प्रकरण राहिलं असतं तर दादा कदाचित टॉवरला शिव्या देत देतच झिजला असता. पण मध्ये त्याची नात आली.

माझ्या पुतण्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नेपानगरला गेली होती. दसऱ्याच्या सुमारास मुलगी झाली. बारशाला दादा जाऊन आला, नातीला मांडीवर घेऊन फोटोही काढून आला. तेव्हा खोकला नव्हता. रीतीप्रमाणे थोड्या महिन्यांनी सून बाळाला घेऊन घरी यायची. ते ठरवायला विहीणबाई स्वतः जसोंडीला आल्या. कागद कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाच्या त्या बायको. कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली बिनचूक, वेळ पाळणारी बाई. एक मुक्काम केला. दादाचा घसा साफ करण्याचा कार्यक्रम त्यांनी रात्रभर भिंतीपलीकडून ऐकला आणि सकाळी चहाच्या वेळी, आवाज जराही न चढवता, सांगितलं.

‘‘भाऊ, नात तुमचीच आहे. पण आधी छातीचा फोटो काढून घ्या. फोटो साफ आला की मी स्वतः सोडायला येते.’’

दादा म्हणाला, ‘‘मी काय लग्नाचा पोरगा आहे, आधी फोटो दाखवायले?’’

विहीणबाई हसल्यासुद्धा नाहीत. कप धुऊन पालथा घातला आणि गाडी गाठायला निघून गेल्या.

तेव्हापासून दोन्हीकडचं कुणीच जागचं हलेना. नेपानगर म्हणजे काही विलायत नव्हे. पॅसेंजरमध्ये बसलं, चांदनी स्टेशन मागे पडलं, डबा आवरेपर्यंत आलंच. पण दादा तिकडे जाईना, कारण जायचं तर खोकावं लागलं असतं. आणि विहीणबाई बाळ पाठवीनात. सून बिचारी दोन्हीकडे मान डोलवायची. पुतण्या दर रविवारी नेपानगरला जाऊन यायचा आणि मोबाइलमध्ये मुलीचे व्हिडिओ भरून आणायचा. संक्रांतीनंतर बाळाचं बोरन्हाण झालं तेही नेपानगरलाच. दादाने ते ओसरीवर बसून हातभर लांब धरलेल्या फोनवर पाहिलं. बोरं, चुरमुरे, हलव्याचे दागिने, मध्ये बावरलेली पोर. व्हिडिओ संपला की पुन्हा लावायचा. वहिनी मला नंतर आत बोलावून म्हणाली, ‘‘भावजी, याले काहीतरी करा. हा माणूस फोनलेच पापे देऊ राह्यला.’’

मी काय करणार होतो? पण त्याच आठवड्यात गावात दवंडी फिरली. दवंडी म्हणजे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुन्हा पुन्हा लावलेलं ध्वनिमुद्रण. शाळेच्या मैदानात क्षयरोग जांच शिविर आहे, हातात धरायचं एक्स-रे मशीन येणार आहे, फोटो जागेवर, रिपोर्ट जागेवर, सगळं मोफत. शहरातलं यंत्र गावात येतंय म्हटल्यावर दादाची निम्मी सबब आपोआप गेली. उरलेली निम्मी मोठी होती. तो म्हणाला, ‘‘गावासमोर छाती उघडी करून उभा राहू का मी?’’

मग मी सरपंचाला भेटलो. सरपंच माझा जुना विद्यार्थी नव्हे. पण ग्रंथालयात येऊन पंख्याखाली झोपणाऱ्यांपैकी होता, त्यामुळे ओळख जवळची. त्याला सांगितलं की दादाला मशीनच्या आसपास तरी आणायला हवं. तो म्हणाला, सोपं आहे, पूजेला बोलावतो.

जसोंडीच्या या पूजेबद्दल सांगायला हवं. गावात कुठलंही नवं यंत्र आलं की कामाला लागण्याआधी त्याला मारुतीचा शेंदूर लावतात. कुंकू नव्हे, कुंकू बायका लावतात, ते वेगळं. हा शेंदूर मारुतीच्या अंगावरचा, तेलात कालवलेला, चांगला जाड. ट्रॅक्टरला लावतात, बोअरच्या मोटारीला लावतात, पिठाच्या गिरणीला लावतात. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या पडद्याच्या मधोमध लावला होता. गुरुजी पुढे वर्षभर त्याच्या आजूबाजूने वाचत होते. आणि शेंदूर लावण्याचा मान ज्याच्याकडे मारुतीची सेवा असेल त्याचा. सेवा गेली कित्येक वर्षं दादाकडे होती.

दादा आनंदाने तयार झाला. मला बजावलं मात्र, की मी देवाचं काम करायला येतोय, फोटो काढायला नाही.

शिबिराच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा मैदानात मांडव उभा होता. मशीन पाहिलं आणि मांडव पाहिला, आणि हसू आवरावं लागलं. मशीन म्हणजे जुन्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्याएवढी पेटी, एका पोरीने खांद्याला अडकवून आणलेली. तिच्यासोबत एक काळी चपटी पाटी, स्टँडवर बसवायची. माणसाने पाटीला छाती लावून उभं राहायचं, पाठीमागून पेटीने फोटो घ्यायचा, फोटो टॅबलेटवर उमटायचा आणि टॅबलेटमधला प्रोग्राम फुफ्फुसं वाचून संशय आहे की नाही ते सांगायचा. संशय असेल त्याने थुंकी द्यायची. ती तपासायलाही एक डब्याएवढं यंत्र होतं, बॅटरीवर चालणारं. वीज गेली तरी अडायचं नाही, खोली नको, गार हवा नको. ज्याने हे बनवलं त्याच्या डोक्यात जसोंडीसारखंच गाव असणार. म्हणजे सगळा दवाखाना ऑटोच्या मागच्या सीटवर मावत होता. आणि त्याच्या स्वागताला ट्रॉल्या भरून खुर्च्या, जनरेटर, फुलांची कमान, मुख्य अतिथींसाठी सोफा आणि मंचावर एक भला मोठा टीव्ही. टीव्ही कशाला, असं मी विचारलं. जनतेला रिपोर्ट थेट दिसावेत म्हणून, असं सरपंच अभिमानाने म्हणाला. कोणाची फुफ्फुसं कोणाला दाखवायची याचा विचार मांडववाल्याच्या यादीत बसत नव्हता.

मशीन चालवणारी मुलगी बऱ्हाणपूरची, विशी-पंचविशीची, मराठी बोलता बोलता हिंदीत आणि हिंदीतून पुन्हा मराठीत येणारी. पूजेची तिला सवय होती. प्रत्येक गावात नारळ फुटतो, म्हणाली. दादा ताट घेऊन पुढे झाला तसं तिने पेटीपुढे हात धरला.

‘‘काका, इसको नको. पुढे काच आहे.’’

‘‘मग कुठं लावू?’’

‘‘साइडला कुठेही लावा ना.’’

तेवढ्यात मुख्य अतिथींची गाडी आली आणि आयोजकांनी तिला फोटोसाठी कमानीपाशी ओढून नेलं. दादाने इकडे तिकडे पाहिलं. काळी पाटी त्याला पाटासारखी वाटली, मशीन बसायचा पाट. पाटाला शेंदूर लावला की वर बसणाऱ्याला पोचतो, हे शास्त्र त्याला ठाऊक होतं. त्याने पाटीच्या वरच्या भागात, एका अंगाला, अंगठ्याने दाबून ऐसपैस टिळा ओढला, फूल चिकटवलं आणि हात जोडले. मुलगी परत आली ती घाईत. फूल काढलं, लाल दिसलं ते कोरड्या फडक्याने पुसल्यासारखं केलं. कुंकू असेल, कुंकवाने फोटोला काही होत नाही, हे तिने आधीच्या गावांत पाहिलेलं होतं. मग पाटीवर स्वच्छतेसाठी असते ती प्लॅस्टिकची खोळ चढवली आणि कामाला उभी राहिली. हे सगळं आम्हाला नंतर जुळवून कळलं. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष भाषणाकडे होतं.

मुख्य अतिथी कुठल्याशा मंडळाचे उपाध्यक्ष होते. भाषण लांबलं. त्यात देश होता, संकल्प होता, तापीमाई होती आणि क्षयरोग शेवटी शेवटी आला. समारोपाला ते छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘सबसे पहली जांच मैं स्वयं कराऊंगा।’’ टाळ्या झाल्या. ते उतरले, हार काढून स्वीय सहायकाकडे दिला, पाटीला छाती लावली. मुलगी म्हणाली, सर, सांस रोका. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर काही रोखलं असेल तर ते तेव्हा.

टीव्हीवर साहेबांच्या फासळ्या उमटल्या. मग एका फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या पांढऱ्या ठिपक्याभोवती लाल चौकट आली आणि खाली मोठ्या अक्षरांत शब्द आला: संशयित.

मांडवात अशी शांतता पडली की जनरेटर ऐकू यायला लागला. मागून एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, ‘‘साहेबाले झाली का वं?’’ तिला वाटत होतं ती हळू बोलतेय.

साहेब पाणी प्याले. मशीन नवीन आहे, असं सहायक म्हणाला. मग सरपंच पुढे झाला, बहुतेक साहेबांना सोबत म्हणून. तोही संशयित. बातमी घ्यायला आलेला पत्रकार उभा राहिला, तोही संशयित. उपसरपंच, शाळेचे गुरुजी, मांडववाला, एकामागून एक सगळे संशयित. जसजशी संख्या वाढली तसतसा साहेबांचा चेहरा निवळत गेला. सरपंच त्यांच्या शेजारी येऊन बसला तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर आपुलकीने हात ठेवला. सगळी भाषणं संपल्यावर जी समता मांडवात अवतरली ती कुठल्याही भाषणाने आणता आली नसती.

मुलगी गोंधळली. तिने वरच्या ऑफिसात फोन लावला. वरून उत्तर आलं की प्रोग्राम चुकत नाही, गावात रोग जास्त असेल, नियमाप्रमाणे सगळ्यांची थुंकी घ्या. तिने झाकणाच्या डब्या वाटायला सुरुवात केली. लोक डब्या घेऊन शाळेमागे, टॉवरच्या बाजूला, एकेक अंतर ठेवून उभे राहिले आणि जसोंडीत सामुदायिक खोकणं सुरू झालं. कोण कसं खोकतो यावर टीका होऊ लागली. गुरुजींना जमेना, तर सरपंच त्यांना म्हणाला, गुरुजी, वर्गात तर चांगलं खाकरता, इथं काय झालं? हसण्याखिदळण्यात रोगाचं नाव कुठल्या कुठे गेलं.

दादा हे सगळं मारुतीचं ताट मांडीवर घेऊन बाजूच्या खुर्चीवरून बघत होता. त्याच्या जुन्या जोडीदारांपैकी एक जण डबी खिशात घालून समोरून गेला आणि थांबला.

‘‘काय रे भो, तू नही उभा राहिला?’’

‘‘मले काही नही झालं.’’

‘‘सगळ्या गावाले झालं, साहेबाले झालं, आन तू एकटाच शुद्ध का? मोठा मारुतीचा भक्त लागून गेला.’’

याचा परिणाम माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा जास्त झाला. रोगी ठरण्याची भीती दादाला होतीच, पण सगळा गाव रोगी असताना आपणच वेगळे ठरावं हे त्याला त्याहून अवघड वाटलं. आत्याची ताटली वेगळी होती, कारण आत्या एकटी होती. इथे तर पंगतच बसली होती. त्याने ताट माझ्या हातात दिलं, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि रांगेत गेला. फोटो निघाला. संशयित. रांगेने त्याचं टाळ्यांनी स्वागत केलं. डबी घेऊन तो शाळेमागे गेला आणि त्याला मात्र प्रयत्न करावा लागला नाही.

घोटाळा उघडकीला आला तो एका ठेंगण्या बाईमुळे. ती पाटीपुढे उभी राहिली तर तिचा खांदा पाटीच्या वरच्या भागापर्यंत पोचेना. मुलीने पाटी खाली घेतली नाही, रांग मोठी होती. फोटो आला, प्रोग्राम काही बोलला नाही, पण मुलगी फोटोकडे बघतच राहिली. तोच पांढरा ठिपका, तिथेच. फक्त आता तो कोणाच्या छातीत नव्हता. बाईच्या खांद्याच्या वर, मोकळ्या जागेत तरंगत होता. क्षय हवेतून पसरतो हे मी वाचलं होतं, पण तो हवेलाच झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

तिने खोळ काढली. पाटीवर शेंदूर होता, पुसल्यामुळे जरा पसरलेला, पण मधे चांगला जाड.

‘‘हे कोणी लावलं?’’

दादा डबी हातात घेऊनच पुढे आला. ‘‘मी. पाटाले लावला.’’ त्याच्या आवाजात अपराधापेक्षा कर्तव्य जास्त होतं.

शेंदरात शिसं असतं, शिशातून एक्स-रे पार जात नाही. इतक्या फोटोंत दिसलेला रोग म्हणजे मारुतीच होता. मुलगी कपाळाला हात लावून हसायला लागली, मग रडकुंडीला आली, कारण आता सगळे फोटो पुन्हा काढायचे होते. पाटी पुसायला तिने स्पिरिटचा बोळा काढला, पण तिचा हात थबकला. देवाचा टिळा गावासमोर कसा पुसायचा, हे तिच्या प्रशिक्षणात नसावं. दादाने बोळा तिच्या हातातून घेतला. स्वतः पुसला, कडेपर्यंत, आणि पुटपुटला, ‘‘माफ कर रे बाबा, या मशीनले तुझं तेज सोसत नही.’’

साहेबांनी दुसरा फोटो सर्वांत आधी काढून घेतला आणि निर्दोष सुटल्याबरोबर पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. टीव्ही मुलीने बंद करायला लावला. दुपारभर फोटो पुन्हा निघाले. एकेक जण सुटत गेला आणि गंमत म्हणजे सुटलेल्यांचा चेहरा जरा उतरायचा, खेळातून बाद झाल्यासारखा. डब्या परत गोळा झाल्या. दादाचा दुसरा फोटो निघाला तेव्हा मी शेजारी होतो. गोल ठिपका गेला होता. पण दुसऱ्या अंगाला, वरती, धुक्यासारखं काहीतरी होतं, आणि लाल चौकट पुन्हा आली.

ज्यांच्या फोटोत चौकट राहिली होती अशा दोन-तीन जणांच्या डब्या मुलीने बाजूला काढल्या आणि त्या लहान यंत्रात लावल्या. दादाने तर थुंकी आधीच दिलेली होती. ती परत मागून घ्यायचा विचार त्याच्या मनात आला असणार, कारण तो त्या डब्याकडे बराच वेळ बघत होता. पण गावासमोर दिलेली वस्तू परत मागायची आमच्या घराण्याची रीत नाही.

उन्हं कलल्यावर तिने आम्हा दोघांना अंगणवाडीच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर फळांची चित्रं होती, बसायला लहान मुलांच्या खुर्च्या. आम्ही दोघं साठी उलटलेले त्यांच्यावर गुडघे वर करून बसलो.

‘‘काका, टीबी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘साधा आहे, नेहमीच्या औषधांना ऐकणारा. सहा महिन्यांचा कोर्स. पूरा ठीक होतो.’’

दादा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं आता टॉवर निघेल. त्याने विचारलं, ‘‘नातीले होईन का माह्यामुळं?’’

‘‘आता नाही जवळ घ्यायचं. गोळ्या सुरू करा, डॉक्टर पुन्हा थुंकी तपासतील. साफ आली की घ्या. घरातल्यांची पण जांच करू.’’

‘‘आन ताटली?’’

तिला ते कळलं नाही. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘ताटातून नाही होत काका. खोकताना तोंडाला रुमाल लावा, खिडकी उघडी ठेवा. ताट तेच ठेवा, फक्त भरून घ्या. वजन बघा तुमचं.’’

घरी येताना दादा पुढे चालत होता. केळीच्या बागेतून वाट होती, पानं अंगाला लागत होती. ओसरीवर बसल्यावर त्याने मला फोन लावून द्यायला सांगितलं. मला वाटलं पुतण्याला. तो म्हणाला, नेपानगरला लाव, विहीणबाईंना. मी म्हणालो, मी सांगतो ना. तो म्हणाला, तू सांगशील तर पुस्तकासारखं सांगशील.

फोन त्याने हातभर लांब धरला, व्हिडिओ बघायच्या सवयीने, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

‘‘विहीणबाई, फोटो काढला.’’

‘‘कसा आला?’’

‘‘खराब. टीबी आहे.’’

पलीकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज आला आणि थांबला.

‘‘हे तुम्ही स्वतः सांगताय मला?’’

‘‘दुसऱ्याकडून कळलं असतं तर तुम्ही नात कधीच धाडली नसती.’’

‘‘खरं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता धाडीन. डॉक्टर हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी. गोळ्या चुकवायच्या नाहीत.’’

‘‘नही चुकवत.’’

‘‘रोज फोन करेन.’’

त्यांनी खरोखरच रोज केला. सकाळी ठरल्या वेळी फोन वाजायचा, दादा गोळी तोंडात टाकून पाण्याचा घोट ऐकू जाईल असा घ्यायचा, मग बाळाला फोनपाशी आणलं जायचं. सरकारी आरोग्य कार्यकर्ती आठवड्याला येऊन चौकशी करायची, पण तिने स्वतःच मान्य केलं की नेपानगरची व्यवस्था जास्त कडक आहे. सुरुवातीला गोळ्यांनी दादाला मळमळायचं, लघवीला लाल रंग यायचा. त्यावर त्याने मारुती आतून निघून चाललाय अशी मीमांसा केली. वहिनी आणि पुतण्याची तपासणी झाली, दोघेही ठीक निघाले. वहिनीने ताट बदललं नाही. शेजारच्या एका घरी दादासाठी स्टीलऐवजी कागदी कपात चहा आला, तर ती त्या घरच्या बाईला म्हणाली, तुम्हीपण संशयित होता ना हो त्या दिवशी, साहेबासंगट? पुढल्या वेळी स्टीलचा कप आला. दादाने देवळातली सेवा दोन महिने दुसऱ्याकडे दिली आणि का देतोय ते तिथेच पारावर सांगून टाकलं. कुणी कुजबुजलं नाही. ज्या गावाने एकत्र उभं राहून डब्यांत खोकून दाखवलंय, त्याला कुजबुजायला फारसं शिल्लक राहत नाही.

वर्तमानपत्रात शिबिराची बातमी आली होती. शिबिर अत्यंत यशस्वी, असं तिच्यात होतं. पहिल्यांदाच मला अशा बातमीशी सहमत व्हावं लागलं, भले तिच्यात दिलेली कारणं सगळी चुकीची असोत.

दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासली, ती साफ आली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या पूर्ण करा, पण आता बाळाला घ्यायला हरकत नाही. तोवर दादाच्या अंगात सदरा पुन्हा बसायला लागला होता. ही बातमी नेपानगरला गेली आणि विहीणबाईंनी शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी नव्हे, कारण पुतण्याच्या बायकोला सामान बांधायला वेळ लागला, आणि तोपर्यंत आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. गाड्या, ऑटो, मोटारसायकली सगळ्या लेकींनी भरलेल्या, झाडांना झोके बांधलेले. त्या गर्दीत विहीणबाई सुनेला आणि बाळाला घेऊन उलट्या दिशेने आल्या. लेकीला आखाजीला सासरी पोचवणारी जिल्ह्यातली ती एकमेव आई असावी. तसं मी म्हणालो तर त्या म्हणाल्या, ‘‘शब्द सणाच्या आधी दिला होता.’’

दादा बागेत होता. घड उतरवायचं काम चाललं होतं. ऑटोचा आवाज ऐकून तो तसाच धावत आला, हातापायाला केळीचा चीक, सदऱ्यावर काळे डाग. अंगणात येऊन थांबला. बाळ आता चांगलं सात महिन्यांचं, आजीच्या कडेवर बसून सगळ्यांकडे न्यायाधीशासारखं बघत होतं. दादाने मला ‘घेऊ का’ असं विचारल्यासारखं केलं, पण बघत होता विहीणबाईंकडे. त्या पुढे झाल्या.

‘‘घ्या,’’ त्या म्हणाल्या.

दादाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, थांबा, चीक लागलाय. आणि मोरीकडे गेला. केळीचा चीक सहजासहजी निघत नाही. आधी तेल लावावं लागतं, मग साबण, मग राख. आम्हाला आतून पाण्याचा आवाज येत राहिला. वहिनीने दोनदा हाक मारली, झालं का म्हणून. झालं नव्हतं. साबण पुन्हा घेतल्याचा आवाज आला. सुनेने खोलीत चटई अंथरली, विहीणबाई टेकल्या, चहा ठेवला गेला, आणि बाळाने प्रवासाच्या थकव्याने आजीच्या खांद्यावर मान टाकली.

दादा मोरीतून आला तेव्हा हात कोपरापर्यंत लाल झाले होते, आणि ती गाढ झोपली होती. उठवू का, असं विहीणबाईंनी विचारलं. त्याने नको म्हणून मान हलवली. खिडकी उघडली, चटईच्या कडेला मांडी घालून बसला, धुतलेले हात कशालाही लागू नयेत म्हणून गुडघ्यांवर उताणे ठेवले, आणि ती जागी व्हायची वाट बघू लागला.